स्वप्नात शिरायचं, पण कुठल्या दारानं?

तो मेसेज अधूनमधून येतच असतो. "जपानी शास्त्रज्ञांनी स्वप्नं रेकॉर्ड करणारं यंत्र बनवलं!" खाली हेल्मेट घातलेल्या माणसाचं चित्र. या वेळी तो भाचीनं पाठवला, कारण आदल्याच रात्री आम्ही दोघांनी 'पापरिका' पाहिला होता. सातोशी कोन यांचा हा २००६ चा जपानी ॲनिमेशनपट, यासुताका त्सुत्सुई यांच्या १९९३ च्या कादंबरीवर बेतलेला. त्यात 'डीसी मिनी' नावाचं एक छोटं यंत्र डोक्याला लावून मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या स्वप्नात शिरते. यंत्र चोरीला जातं आणि एकाचं स्वप्न दुसऱ्याच्या स्वप्नात सांडू लागतं. बेडूक, फ्रिज, बाहुल्या यांची वाजतगाजत मिरवणूकच निघते. भाची म्हणाली, "मामा, ताप चढलेला असताना गड्ड्याची जत्रा फिरून आल्यासारखं वाटतंय." आणि लगेच पुढचा प्रश्न : "हे खरंच होणार का?"

आधी मेसेजचं बघू. त्यामागचा प्रयोग खरा आहे, फक्त फुगवलेला. २०१३ साली क्योटोमधल्या युकियासु कामितानी यांच्या गटानं तिघांना एमआरआय यंत्रात झोपवलं. डोळा लागला की उठवायचं आणि विचारायचं, "काय दिसत होतं?" प्रत्येकाला असं दोनशेहून जास्त वेळा उठवलं. (त्या तिघांच्या सहनशक्तीला माझा नमस्कार.) मग जागेपणी गाडी, बाई, इमारत अशी चित्रं पाहताना मेंदूत जो नमुना उमटतो, त्यावर संगणकाला तयार केलं आणि झोपेतला नमुना त्याच्याशी ताडून पाहिला. दोन पर्याय दिले तर संगणक साधारण ६० टक्के वेळा बरोबर ठरला. नाणं उडवून ५० टक्के मिळतात. म्हणजे अंधुक का होईना, खूण सापडली. पण याला रेकॉर्डिंग म्हणायचं, तर गल्लीच्या टोकावरून वरातीचा ढोल ऐकून नवरीच्या साडीचा रंग सांगितल्यासारखं होईल. शिवाय ही डोळा लागतानाची चित्रं. गाढ झोपेनंतरच्या लांबलचक स्वप्नांना हा प्रयोग पोचलाच नव्हता.

ती लांबलचक स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत पडतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी ही झोप जगापुढे आणली. पापण्या मिटलेल्या, पण आत बुबुळं झरझर फिरतायत. साधारण दीड तासाच्या फेऱ्यांत ही झोप येते. पहिली खेप जेमतेम काही मिनिटांची, पहाटेच्या खेपा मात्र ऐसपैस. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात ना, त्यातली खरी गोष्ट एवढीच : पहाटे स्वप्नं जास्त पडतात, आणि तेव्हाच जाग येत असल्यानं ती आठवतात. जी खरी झाली नाहीत त्यांचा हिशोब कोण ठेवतो?

आता या लेखाचं खरं कारण. आमच्या गल्लीत पूर्व भागातल्या एका कारखान्यात रातपाळी करणारा यंत्रमाग कामगार राहतो. त्याला महिन्यातून एक-दोनदा 'धरतं'. "जाग येते सर, सगळं दिसतं, पण हात हलत नाही की तोंडातून आवाज निघत नाही. छातीवर कुणी बसल्यागत वाटतंय." घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून दंडाला ताईत बांधून आणला. मी त्याला विचारलं, "मागाचं हँडल सोडलं की काय होतं?" म्हणाला, "माग थांबतो की." "आणि मोटर?" "ती फिरतीच राहते."

रेम झोपेत नेमकं हेच होतं. मेंदूची मोटर जवळजवळ जागेपणाइतक्याच जोरात चालू असते. तुम्ही स्वप्नात धावता तेव्हा मेंदू धावण्याचे हुकूमही सोडत असतो. पण मेंदूच्या बुडाशी 'पॉन्स' नावाचा भाग आहे. तिथल्या पेशींचा एक पुंजका त्याच वेळी खालच्या लंबमज्जेला इशारा देतो, आणि तिथून मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींवर ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं सोडली जातात. इथे माझी मागाची उपमा अपुरी पडते, कारण मोटर आणि मागाला जोडणारा पट्टा काही इथे निसटत नाही. या रसायनांमुळे पेशीच्या आवरणातली क्लोराइडची दारं उघडतात, ऋणभार आत शिरतो, पेशीचा विद्युतदाब आणखी काही मिलिव्होल्टनी खाली जातो. पेशी पेटायला जो उंबरठा ओलांडावा लागतो, तो दूर जातो. हुकूम येतो, पण उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. एखादा दांडगा हुकूम पोचतोही. झोपलेल्या कुत्र्याचे पंजे फडफडतात, ते त्यामुळे. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या पॉन्समधला हा भाग निकामी केला, तेव्हा ती रेम झोपेतच उठून नसलेल्या उंदरामागे दबा धरू लागली!

कधी कधी जाणीव आधी जागी होते आणि हे कुलूप उघडायला थोडा उशीर होतो. तेच ते 'धरणं'. झोपेची आबाळ झालेल्या माणसांना, म्हणजे पाळ्या बदलणाऱ्यांनाही, ते जास्त धरतं.

या बंदोबस्तातून दोन महत्त्वाच्या गोष्टी सुटतात : श्वासपटल आणि डोळे हलवणारे स्नायू. श्वासाचं समजण्यासारखं आहे, नाहीतर पहिल्याच स्वप्नात खेळ खलास. पण डोळे? त्यांच्या चेतापेशी मेंदूच्या बुडाशीच असतात म्हणावं, तर जिभेच्या आणि जबड्याच्याही तिथेच असतात, आणि त्यांना कुलूप लागतं. डोळे तेवढे मोकळे.

आणि डोळा ही एक बारीकशी बॅटरी आहे. पुढची पारदर्शक बाजू धन, मागचा पडदा ऋण. डोळ्याच्या दोन्ही कडांना इलेक्ट्रोड चिकटवले की बुबुळ डावीकडे गेल्यावर रेघ एका बाजूला, उजवीकडे गेल्यावर दुसऱ्या बाजूला जाते. मिटल्या पापणीनं काही बिघडत नाही. काही माणसांना स्वप्नातच 'हे स्वप्न आहे' हे कळतं. १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी अशाच एकाशी आधी ठरवून ठेवलं : स्वप्नात भान आलं की डोळे डावी-उजवीकडे फिरव. शरीर लुळं, झोप पक्की रेम, आणि कागदावर ठरलेली नागमोडी रेघ उमटली. स्वप्नातून बाहेर आलेली तार! पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

२०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार गटांनी उलट्या दिशेनंही तार पाठवली. झोपलेल्याला हळू आवाजात विचारायचं : आठातून सहा गेले, किती? डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरले की उत्तर दोन. एकाला स्वप्नात हे गणित गाडीतल्या रेडिओवरून ऐकू आलं. ३६ माणसं, १५८ प्रयत्न, नेमकी उत्तरं २९. बहुतेक वेळा काहीच उत्तर नाही. पण झोपलेला माणूस प्रश्न समजून नेमकं उत्तर कळवतो, हे २९ वेळा झालं! मला डीसी मिनीपेक्षा यात जास्त थरार वाटतो. इथे कुणी कुणाच्या स्वप्नात घुसत नाही, दार वाजवून विचारतं.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे स्वप्नात पण गणित?" आणि तिचा रस संपला.

कामगाराला मात्र मी सांगून ठेवलं होतं : पुन्हा धरलं तर हात हलवायला झगडू नकोस, फक्त डोळे फिरवून बघ. परवा दूध आणायला निघालो तर पाळी सुटून येताना भेटला. "फिरले की सर डोळे! घड्याळ बघितलं, पावणेअकरा झाले होते. पोरगं चादर ओढून पळालं होतं, तेबी दिसलं." ताईत अजून दंडावर आहे. मी काही बोललो नाही.