लेव्हल ट्रान्सलेटर जेव्हा स्विच होतो

५ व्होल्टवर चालणाऱ्या सीमॉस (आजच्या डिजिटल चिपची नेहमीची घडण) चिपला आलेला संकेत ‘१’ आहे हे खात्रीने कळण्यासाठी साधारण ३.५ व्होल्ट, म्हणजे तिच्या पुरवठ्याच्या ७० टक्के, एवढी पातळी लागते. ३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारा एका चिपवरचा छोटा संगणक) तेवढी पातळी देऊच शकत नाही, आणि उलट दिशेने ५ व्होल्ट थेट त्याच्या पिनवर आले तर पिन जळण्याची भीती असते. या दोघांच्या मध्ये बसून पातळी बदलून देतो तो लेव्हल ट्रान्सलेटर. अशा अनेक चिपना एक इनेबल पिन, म्हणजे चिप चालू-बंद करणारी पिन, असते. ती बंद केली की दोन्ही बाजू एकमेकींपासून तुटतात, म्हणजेच हाती एक आयता स्विच येतो.

याचा उपयोग आयटूसी बसवर, म्हणजे क्लॉक आणि डेटा अशा दोन सामाईक तारांवरून अनेक उपकरणांशी बोलण्याच्या पद्धतीत, चांगला दिसतो. या बसवरील प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो. पण एकाच जातीचे दोन सेन्सर जोडले आणि दोघांचा पत्ता कारखान्यातच पक्का झालेला असला, तर हाक मारल्यावर दोघेही ‘ओ’ देतात. प्रत्येक सेन्सरपुढे वेगळा ट्रान्सलेटर ठेवून एका वेळी एकाचीच इनेबल पिन चालू केली की हा घोळ मिटतो.

मग चिप कशाला, एका सुट्या मॉसफेटनेही (गेट, सोर्स आणि ड्रेन अशा तीन टोकांचा ट्रान्झिस्टर; गेटवरचा व्होल्टेज बाकी दोन टोकांमधली वाट उघडतो-मिटवतो) पातळी बदलता येते, तोच स्विच म्हणून वापरू, असे वाटणे साहजिक आहे. त्या जोडणीत एन-चॅनेल मॉसफेटचा सोर्स ३.३ व्होल्टच्या तारेला, ड्रेन ५ व्होल्टच्या तारेला आणि गेट ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडतात. दोन्ही तारांना आपापल्या पुरवठ्याकडे खेचणारे पुल-अप रोधक असतात. सोर्सकडची तार शून्यावर आली की गेट आणि सोर्समध्ये ३.३ व्होल्टचा फरक पडतो, मॉसफेट चालू होतो आणि ड्रेनकडची तारही खाली येते. आता गेट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडला तर ही वाट खरोखरच बंद होते. उलटी वाट मात्र बंद होत नाही. मॉसफेटच्या रचनेतच सोर्सकडून ड्रेनकडे वीज जाऊ देणारा एक डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) असतो. चिन्हात तो काढलेला असूनही नजर त्याच्यावरून सहज घसरते. ५ व्होल्टकडची तार शून्यावर आली की हा डायोड ३.३ व्होल्टकडच्या तारेला सुमारे ०.७ व्होल्टपर्यंत खाली ओढतो, आणि आयटूसीच्या नियमाने तिथे पुरवठ्याच्या ३० टक्क्यांखालचे, म्हणजे जवळपास १ व्होल्टखालचे, सारे काही शून्यच धरले जाते. थोडक्यात, हा स्विच एकाच बाजूने बंद होतो.

पीसीए९३०६ सारख्या ट्रान्सलेटर चिपमध्येही तार जोडणारा मॉसफेटच असतो, पण त्याचा पाया (बॉडी, म्हणजे ज्या सिलिकॉनवर मॉसफेट घडवतात तो भाग) सुट्या मॉसफेटसारखा सोर्सशी न बांधता ग्राउंडशी बांधलेला असल्यामुळे डायोडची ही चोरवाट उरत नाही. इनेबल खाली ओढली की दोन्ही दिशा बंद होतात.

मात्र तुटलेल्या बाजूची तार आपोआप शून्य होत नाही. तिला कोणीच धरून ठेवले नाही तर ती अधांतरी राहते आणि आसपासच्या गोंगाटाने वर-खाली होत राहते, म्हणून दोन्ही बाजूंना पुल-अप हवेतच. जोडण्या-तोडण्याची वेळही सांभाळावी लागते: क्लॉकची तार वर असताना डेटाची तार खाली आली, तर आयटूसीमध्ये तो संदेशाच्या सुरुवातीचा इशारा मानला जातो. दुसऱ्या एखाद्या सेन्सरशी बोलणे अर्धवट असताना स्विच लावला, तर नव्याने जोडलेल्या सेन्सरला नसलेला इशारा दिसू शकतो. म्हणून आधीचा संदेश पूर्ण संपवून, दोन्ही तारा वर स्थिर असतानाच इनेबल बदलावी.

टीएक्सबी०१०८ हा वेगळ्या घडणीचा ट्रान्सलेटर. त्याची इनेबल बंद केली की आउटपुट मोकळे सुटतात खरे, पण चालू असताना तो तार जोडत नाही. आलेला संकेत ‘०’ की ‘१’ हे ठरवून पलीकडे नव्याने उभा करतो. त्यामुळे सेन्सरचा हळूहळू बदलणारा अॅनालॉग व्होल्टेज त्यातून पाठवता येत नाही. त्या कामासाठी संकेत जसाच्या तसा पुढे जाऊ देणारा अॅनालॉग स्विचच घ्यावा.