पार्श्वभूमी : कोकणातले वार्धक्य आणि वैद्यकाचे विद्यार्थी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत २००१ साली १६ लाख ९६ हजार माणसे होती, ती १६ लाख १५ हजारांवर आली; सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजारांची ८ लाख ४९ हजार झाली. गंमत म्हणजे ज्या गिरणगावासाठी कोकण रिकामे झाले, तेही याच दशकात विरार आणि दिव्याकडे सरकत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, आणि कमावत्या वयाचे पुरुष कुठे आहेत हे या एका आकड्यावरून कळते. वृद्धांची काळजी घेणारे डॉक्टर घडवण्याचा प्रश्न कोकणात का तातडीचा आहे, हे समजण्यासाठी प्रथम हे स्थलांतर पाहावे लागते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, ज्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही होता, गिरण्यांना माणसे पुरवू लागला. घरातला एखादा भाऊ मुंबईला, बाकीचे भातशेतीवर, महिन्याला मनिऑर्डर आणि गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमान्याची फेरी, अशी ती घडी होती. या घडीत म्हाताऱ्यांची सोय गृहीतच होती, कारण घरात सुना, पुतणे आणि नातवंडे असत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती मोडली. कित्येक कामगार पेन्शनशिवाय गावी परतले, तर त्यांची मुले मुंबईच्या उपनगरांत कायमची स्थिरावली आणि नातवंडे गावात केवळ सुट्टीपुरती येऊ लागली. आज रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत खोकणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना तपासणाऱ्या विद्यार्थ्याने ‘बिडी ओढत होतात का?’ एवढेच विचारून चालत नाही; गिरणीत कोणत्या खात्यात होतात, हेही विचारावे लागते, कारण कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार गिरणी सुटल्यावरही माणसाची पाठ सोडेलच असे नाही.

वार्धक्याकडे वेगळी शाखा म्हणून पाहण्याची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. वाग्भटाने आयुर्वेदाची जी आठ अंगे सांगितली त्यांत ‘जरा’ हे एक स्वतंत्र अंग आहे. आधुनिक वैद्यकात मात्र या शाखेला नाव मिळायला विसावे शतक उजाडले. व्हिएन्नात जन्मलेले न्यूयॉर्कचे डॉ. इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ साली बालरोगशास्त्राच्या ‘पेडियाट्रिक्स’ या नावावरून ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द बनवला. मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे, तसेच म्हातारपण म्हणजे आजार नव्हे, असा त्यामागचा विचार होता.

नाव नॅशरनी दिले, पण शाखेला उभे केले मार्जोरी वॉरन या इंग्रज डॉक्टरबाईंनी. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबगृहाचा (वर्कहाउसचा) दवाखाना सोपवण्यात आला आणि त्यातले सातशेहून अधिक दीर्घकाळ खाटेला खिळलेले रुग्ण वॉरन यांच्या वाट्याला आले. त्यांनी प्रत्येकाला पुन्हा तपासले, आजारानुसार वेगवेगळे केले, खाटांची मांडणी बदलली आणि चालण्याचा सराव सुरू करवला. ज्यांचे आता काही होणार नाही असे ठरून गेले होते, त्यांतले कित्येक उठून घरी गेले. १९४३ साली त्यांनी लिहिले की अशा रुग्णांसाठी सर्वसाधारण रुग्णालयातच वेगळा विभाग असावा आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकवावे. या विषयाची ओढ विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे, ही कल्पना इतकी जुनी आहे.

अमेरिकेत हीच गोष्ट संशोधनाच्या वाटेने गेली. तिथे १९७४ साली वार्धक्यासाठी राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली, आणि नव्वदच्या दशकात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सुट्टीचे काही आठवडे वार्धक्यावरील संशोधनात, मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि विद्यावेतन घेऊन, घालवण्याची सोय झाली. शाखा निवडण्याआधी विषयाची चव मिळावी, एवढाच हेतू होता.

भारतात या विषयाचा पाया मद्रासमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी घातला. १९७८ मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात एम.डी.चा अभ्यासक्रम आला. १९९९ चे वृद्धविषयक राष्ट्रीय धोरण, २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा आणि त्यानंतर जिल्हा रुग्णालयांपर्यंत वृद्धांची स्वतंत्र सेवा नेऊ पाहणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम, ही पुढची पावले होत. २०१७-१८ मध्ये मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी झाली, त्यामुळे वृद्धत्वाविषयीच्या प्रश्नांना आता भारतीय आकडे उपलब्ध आहेत. २०१९ पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृद्धोपचाराला जनरल मेडिसिनमध्ये आणि सामुदायिक वैद्यकात वेगळे प्रकरणही आहे. प्रकरण असणे आणि खाटेशेजारी शिकवले जाणे यांत अंतर असते, हे निराळे.

कोकणाचे दुर्दैव असे की वृद्ध येथे आधी झाले आणि महाविद्यालये मागाहून आली. चिपळूण तालुक्यातील डेरवणचे महाविद्यालय २०१५ चे, सिंधुदुर्ग आणि अलिबागची सरकारी महाविद्यालये २०२१ ची, रत्नागिरीचे २०२३ चे. त्यापूर्वी कोकणातला विद्यार्थी मुंबई, मिरज वा कोल्हापूरला जाई, आणि सावंतवाडीकडचा गंभीर रुग्ण आजही गोव्याच्या बांबोळीला नेला जातो. या नव्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी नियमित जावे लागते. माझ्या मते ही संधी मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांना इतक्या सहज मिळणारी नाही, कारण इथे दत्तक कुटुंब म्हणजे पुष्कळदा दोन म्हातारी माणसे आणि एक कुलूप लावलेली खोली.

अशा घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात औषधे असतात. मुलाने गणपतीला आणलेली मुंबईच्या डॉक्टरची एक पट्टी, तालुक्याच्या डॉक्टरची दुसरी, दोन्हींवर नावे वेगळी, आतले रक्तदाबाचे औषध एकच. आजी दोन्ही घेते आणि सकाळी उठताना चक्कर येते असे सांगते. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा त्या चकरेची परिणती खुब्याचे हाड मोडण्यात होते. वृद्धांच्या तपासणीत खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती वेळ लागतो हे मोजतात. पण ज्या घरात आजी पाटावर बसते आणि माजघरातून पडवीत यायला दोन उंबरठे ओलांडते, तिथे हीच चाचणी कशी करावी, जमिनीवरून उठण्याला काय निकष लावावा, हा एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला घेता येण्याजोगा संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी लागणारी सामग्री घड्याळ, मोजपट्टी आणि वाडीतली दहा-पंधरा घरे एवढीच आहे.