लाइन लागली, घर सापडेना

गोव्यात वाड्यावर कुणाचे घर शोधायचे तर घर क्रमांक जवळ असून फारसा उपयोग नसतो. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, माणसाचे नाव सांगावे, तो थेट दारापर्यंत वाट सांगतो. इंटरनेटवरचा पोदेर म्हणजे नेम सर्व्हर. आपण नाव टाइप करतो, यंत्रांना मात्र आकडेच कळतात, आणि नावावरून आकडा काढून देणे हे त्याचे काम.

डिचोलीला आमच्याकडे डायल-अप, म्हणजे फोनच्या तारेवरून जोडायचे इंटरनेट, होते तेव्हाची गोष्ट. पावसात तारा भिजल्या की फोन खरखरायचा, त्यामुळे काहीही बिघडले तरी दोष लाइनलाच. एका रात्री मोडेम किंचाळून जोडला गेला, पण एकही पान उघडेना. दोन तास मी पावसाला शिव्या घातल्या. शेवटी नावाऐवजी आकडे देऊन पिंग केले, म्हणजे पलीकडच्या यंत्राला नुसती हाक मारली, तर उत्तर हजर! रस्ता शाबूत होता, पोदेरच चुकीचा होता. सेटिंगमधल्या नेम सर्व्हरच्या रकान्यात मीच एक आकडा चुकवला होता.

हा रकाना आकड्यांनीच भरावा लागतो. तिथे नाव लिहिले तर ते सोडवायला आधी नेम सर्व्हर हवा, आणि तोच तर अजून सापडायचा आहे!

पूर्वी हे आकडे इंटरनेट देणारी कंपनी कागदावर लिहून देई. फोन लागल्यावर दोन्हीकडची यंत्रे पीपीपी या बोलीत आपसात काही गोष्टी ठरवून घेतात. त्यातच नेम सर्व्हरचे आकडेही सांगून टाकायची पद्धत डिसेंबर १९९५च्या आरएफसी १८७७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली. मग विंडोजमध्ये 'सर्व्हर असाइन्ड'वर टिंब दिले की झाले. लिनक्सवाल्यांना मात्र पीपीपीच्या सेटिंगमध्ये 'यूजपीअरडीएनएस' हा एक शब्द जोडावा लागे. तो राहिला की नेम सर्व्हरचे आकडे जिथे लिहिलेले असतात त्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये जुनेच आकडे पडून राहत.

या फाइलमधले जास्तीत जास्त ३ नेम सर्व्हर विचारात घेतले जातात. पहिला गप्प असेल तर एरवी ५ सेकंद वाट पाहून मगच दुसऱ्याला विचारले जाते. म्हणजे पहिला बंद पडलेला असला की प्रत्येक नव्या नावामागे ५ सेकंद वाया, आणि फोनचे बिल चालूच. 'नेट स्लो आहे' ही तक्रार कितीदा तरी इथूनच सुरू होई.

१९८३ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधायची ही व्यवस्था आखली. त्याआधी सगळी नावे कॅलिफोर्नियात सांभाळलेल्या एकाच फाइलमध्ये असत आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. आता एकट्या कुणाला सगळी नावे ठाऊक नसतात. नेम सर्व्हर मुळापाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरला, विचारतो, तिथून 'डॉट इन'कडे, तिथून पुढे, आणि मिळालेले उत्तर ठरावीक काळ लक्षात ठेवतो. डायल-अपवर हे फार सोयीचे होते. ही सगळी धावपळ कंपनीच्या जाड तारांवर होई. आपल्या ओल्या फोनलाइनवरून जाई तो फक्त एक प्रश्न, आणि परत येई एक उत्तर. शेजारच्याने तेच नाव आधी विचारलेले असेल तर तेही लगेच.

आता घरात फायबर आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये तेच दोन रकाने आहेत, आकडे घालायचे. मी ते अजूनही दोनदा वाचून पाहतो.