आधी सलाईन, मग स्लॅब

मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेच्या ग्राउंडवर रेस्क्यूवाल्यांचा डेमो होता. सिमेंटचा एक तुटका स्लॅब, त्याखाली मांडीपर्यंत दबलेला एक पुतळा (पोरांनी त्याला पेनाने मिशा काढलेल्या), पाच-सहा जवान, आणि कंपाउंडच्या सावलीत दाटीवाटीने उभे आम्ही पालक. एक जवान सरपटत आत शिरला, पुतळ्याशी बोलायला लागला, काका नाव काय, कुठे दुखतंय वगैरे. मग बाहेरच्यांनी आत काय पाठवलं तर सलाईनची बाटली. स्लॅबला कोणी हातच लावेना. माझ्या शेजारचे एक काका वैतागले, "अरे काय करून राहिले बे हे? आधी ओढून काढा ना त्याले, सलाईन काय दवाखान्यात नाही लावता येत?" आजूबाजूचे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो आणि रोज ज्या आकड्याशी माझं भांडण असतं तोच आकडा त्या स्लॅबखाली बसला होता. पोटॅशियम.

आधी लॅबमधली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कलेक्शन सेंटरवरून रक्ताच्या ट्यूब बाइकच्या डिक्कीत येतात. रस्ता खराब असला, किंवा रक्त काढताना सिरिंज जोरात ओढली, की लाल पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून (ट्यूब गरगर फिरवणारं मशीन) ट्यूब काढली की वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसतं. तरी कोणी ते मशीनवर टाकलंच तर पोटॅशियम येतं 7. नॉर्मल असतं 3.5 ते 5. 7 म्हणजे माणूस आयसीयूत पाहिजे, आणि इथे पेशंट घरी बसून पोहे खात असतो. त्याच्या अंगात काही बिघडलेलं नसतं, पेशींच्या आतलं पोटॅशियम ट्यूबमध्ये बाहेर सांडलेलं असतं एवढंच.

कारण पोटॅशियम हा आत राहणारा प्राणी आहे. शरीरातलं जवळजवळ 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत. स्नायूच्या पेशीत त्याचं प्रमाण साधारण 140, आणि बाहेर रक्तात जेमतेम 4. हा फरक आपोआप राहत नाही, प्रत्येक पेशीच्या भिंतीत बारीक पंप असतात, ते 3 सोडियम बाहेर फेकतात आणि 2 पोटॅशियम आत ओढतात, रात्रंदिवस, आणि त्याला इंधन लागतं एटीपी. विहिरीतून मोटर लावून टाकी भरायची तसं. लाइट गेली की टाकी उतरायला लागते.

आता मांडीवर स्लॅब. मांडी म्हणजे शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी. वजनाने रक्त पोचत नाही, ऑक्सिजन नाही, एटीपी संपलं, पंप बंद, वर दाबाने पेशीची भिंत ताणली जाऊन गळायला लागते. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि आतली प्रोटीन खाणारी एन्झाइम जागी करतं, म्हणजे पेशी स्वतःलाच खायला लागते. काही तासांत त्या मांडीत पोटॅशियम, आम्ल, फॉस्फेट आणि मायोग्लोबिन (स्नायूला लाल रंग देणारं प्रोटीन) असा सगळा काढा तयार होतो. आणि गंमत बघा, तो काढा तिथेच अडकलेला असतो, कारण रक्त फिरतच नाहीये. ज्या स्लॅबने पाय चिरडला तोच स्लॅब बाकीच्या शरीराला वाचवत असतो. म्हणून माणूस शुद्धीत असतो, बोलतो, पाणी मागतो, कधी चेष्टाही करतो.

तुम्ही स्लॅब उचलता. दोन गोष्टी एकदम होतात. रक्त धावत त्या पायात शिरतं आणि गळक्या केशवाहिन्यांतून स्नायूत जिरतं, लिटरच्या लिटर, त्यामुळे बीपी खाली. आणि तो काढा उलटा हृदयाकडे निघतो. हृदयाच्या पेशीची सगळी वीज त्या 140 विरुद्ध 4 च्या फरकावर चालते. बाहेरचं 4 चं 8 झालं की पेशीचा आरामाचा व्होल्टेज वर सरकतो, सोडियमची दारं नीट रीसेट होत नाहीत, करंट रेंगाळतो. ईसीजीवर आधी टी वेव्ह तंबूसारखी टोकदार होते, मग क्यूआरएस रुंद होत होत सगळा ईसीजी सापाच्या चालीसारखा, आणि मग सरळ रेघ. (इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा, मांडीतलं सांडलेलं पोटॅशियम हृदय थांबवतं.) ढिगाऱ्याखाली तासन्तास टिकलेला माणूस बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात जातो, आणि लोक म्हणतात वेळच भरली होती बिचाऱ्याची, नाहीतर कोणाची नजर लागली. वेळ भरली नव्हती हो, पोटॅशियम भरलं होतं.

यातून वाचला तर पुढे किडनी. मायोग्लोबिन किडनीच्या बारीक नळ्यांत जातं, रक्त कमी आणि लघवी आम्लयुक्त असली की तिथे चिकटून गोळे बनतं. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते, मग बंदच. हे नीट लिहून ठेवलं ते 1941 मध्ये, लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा, बायवॉटर्स आणि बील या दोघांनी. त्यांनी 4 पेशंट मांडले, चौघेही गेले. डायलिसिस तेव्हा नव्हतंच, कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने सॉसेजच्या सेलोफेनच्या नळ्या ड्रमला गुंडाळून पहिलं कामाचं मशीन बनवलं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी, तेही नाझींच्या ताब्यातल्या गावात.

उपाय मात्र मशीनचा निघाला नाही, क्रमाचा निघाला. 1982 मध्ये लेबनॉनच्या टायर शहरात एक इमारत कोसळली, त्यात चिरडलेल्या 7 जणांना तिथेच, वेळ न घालवता भरपूर सलाईन सुरू केली, आणि सातांपैकी एकाचीही किडनी फेल गेली नाही. आता नियम असा आहे की माणूस अडकलेला असतानाच, जो हात मोकळा सापडेल त्यात सुई, मोठ्या माणसाला सुरुवातीला तासाला साधारण 1 लिटर नॉर्मल सलाईन. आरएल (रिंगर लॅक्टेट, दुसऱ्या प्रकारची सलाईन) नाही, कारण आरएलमध्ये थोडं का होईना पोटॅशियम असतं. जवळ कॅल्शियमचं इंजेक्शन, जे पोटॅशियम कमी करत नाही पण हृदयाला थोडा वेळ सांभाळून घेतं. हे सगळं झालं की मग स्लॅब, तोही इंचभर उचलायचा आणि लगेच इंचभर लाकडी ठोकळे रचायचे, कारण जॅक सटकला तर खेळ संपला.

डेमोतला जवान हेच करत होता. आपल्याकडे याचा दुष्काळ नाही, उलट हे शिकवायचं माहेरघर आपल्याच नागपुरात आहे आणि आपण रोज त्याच्या गेटवरून गाडी पळवतो. सिव्हिल लाइन्समधलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय 1957 चं, ते आता एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) अकादमीत विलीन झालंय. फायर कॉलेज 1956 मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इकडे आलं. सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदी लोकांच्या घरात घुसली, तेव्हा बोटी घेऊन आलेले हे लोक आपण पाहिले, पण बोट दिसते म्हणून लक्षात राहते, सलाईनची सुई राहत नाही.

एनडीआरएफच्या 16 बटालियन आहेत, आणि एकेका टीममध्ये 45 जण, त्यात कुत्रेवाले, इलेक्ट्रिशियन, इंजिनियर आणि पॅरामेडिक. तुर्कस्तानात 2023 च्या भूकंपानंतर असेच गेले होते. पण देशाची तयारी म्हणजे नुसते जवान नाहीत. 1988 ला आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेले लोक डायलिसिस मशीन कमी पडल्याने गेले, त्यातून किडनीच्या डॉक्टरांनी जगभर मदत पाठवायची एक यंत्रणाच उभी केली. 1999 च्या तुर्कस्तानातल्या मारमारा भूकंपात 639 जणांच्या किडनीला मार बसला आणि त्यातल्या 477 जणांना डायलिसिस लागलं. म्हणजे भूकंपाच्या आधीच कोणीतरी बसून मोजलेलं पाहिजे की कोणत्या जिल्ह्यात किती मशीन, किती सलाईन, पेशंट कुठे हलवायचे. कंटाळवाणं काम आहे, याची रील बनत नाही.

किल्लारीला, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गोष्ट आणखी वेगळी होती. दगड-मातीच्या जाड भिंती. काँक्रीटचे स्लॅब पडतात तेव्हा मध्ये पोकळ्या राहतात, माणूस तिथे जगू शकतो. माती मात्र पोकळी ठेवत नाही, नाका-तोंडात जाते. तिथे क्रश सिंड्रोमपर्यंत (दबलेल्या स्नायूच्या काढ्याने हृदय-किडनी बिघडण्याला हेच नाव) पोचायलाही कित्येकांना वेळ मिळाला नाही.

आणि ते व्हॉट्सअॅपवरचं, "टेबलाखाली जाऊ नका, बाजूला झोपा, तिथे जीवनाचा त्रिकोण बनतो", कृपा करून डिलीट करा. पक्क्या घरात हादरे बसत असताना खाली वाका, टेबलाखाली डोकं झाका, टेबल धरून ठेवा. रात्री अमुक वाजता भूकंप येणार, नासाने सांगितलं, हेही बकवास. भूकंपाची तारीख-वेळ आजवर कोणालाच सांगता आलेली नाही, ना नासाला ना पोपटवाल्याला.

एक खुलासा, नाहीतर मीच नवीन अंधश्रद्धा पसरवली असं होईल. पहिल्या तासांत माणसं काढतात ते शेजारीपाजारीच, आणि त्यांनी काढलंच पाहिजे. नुकताच दबलेला असेल, श्वास कोंडतोय, आग आहे, गॅसचा वास येतोय, तर पोटॅशियम गेलं खड्ड्यात, ओढा. हात-पाय तासाभरापेक्षा जास्त वेळ दबलेला आहे, माणूस बोलतोय, आणि मदत पोचतेय, तेव्हाच थांबा, 112 ला फोनवर नेमकं सांगा की पाय किती वाजल्यापासून दबलाय. ती वेळ कशावर तरी लिहून ठेवा. आणि रेस्क्यूवाल्याची एक लांब शिट्टी वाजली की गप्प बसा, ते आतला आवाज ऐकत असतात. तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे पळा.

डेमोत पुतळा बाहेर यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर अर्धे पालक गेले होते. काका मात्र थांबले, नंतर त्या जवानाला जाऊन विचारून आले आणि मला म्हणाले, "हाव ना बे, तो म्हणते पोटॅशियम राहते त्यात. मले तं वाटे ते केळ्यात राहते."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पुन्हा एक गुलाबी ट्यूब आली, पोटॅशियम 7.2. पेशंटला फोन करून परत बोलावलं, हळू हाताने रक्त काढलं, ट्यूब बाइकवर न देता स्वतः मशीनपर्यंत नेली. 4.1.