दह्याच्या कपातली साखर

मे महिन्यात मुंबईत रात्री दहाला विरजण लावलं की सकाळी उठेपर्यंत दही चांगलंच आंबटलेलं असतं. लहान मूल पहिल्या चमच्यालाच तोंड वाकडं करतं आणि घरातलं कुणीतरी साखरेचा डबा उघडतं. माझ्या दीड वर्षाच्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. पुढे एके दिवशी दुकानातून स्ट्रॉबेरीच्या दह्याचा कप आला आणि तो तिने चाटूनपुसून खाल्ला. बहिणीने मला फोन केला, "ताई, हे रोज दिलं तर चालेल ना? शेवटी दहीच आहे."

मी तिला कपाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला सांगितली.

100 ग्रॅम दुधात साधारण पाच ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे दुधाची स्वतःची साखर. विरजणातले जिवाणू त्यातला काही भाग खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढत जाऊन पीएच (आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) 4.6 च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळं विणतं, आणि पातळ दुधाची कवडी पडते. उरलेलं लॅक्टोज दह्यातच राहतं. त्यामुळे अगदी साध्या, बिनसाखरेच्या दह्याच्या डब्यावरही 'एकूण साखर' चार-पाच ग्रॅम लिहिलेली दिसते. तिला घाबरायचं कारण नाही.

या चार-पाच ग्रॅमांच्या वर किती साखर आहे, ते मात्र बघायचं. समजा कपावर 100 ग्रॅममागे एकूण साखर 14 ग्रॅम आहे. त्यातून दुधाची पाच वजा केली तर नऊ ग्रॅम उरते. फळाचा थोडा वाटा सोडला तर ही बहुतेक बाहेरून आलेली, म्हणजे जवळजवळ दोन चमचे. हल्ली आपल्याकडच्या वेष्टनांवर 'अ‍ॅडेड शुगर' वेगळी छापलेली असते, तेव्हा वजाबाकीही करावी लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला असा की दोन वर्षांखालच्या मुलांना वरची साखर अजिबात देऊ नये आणि त्यापुढच्या मुलांना दिवसाला 25 ग्रॅमपेक्षा कमी द्यावी. एका छोट्या कपात त्यातला तिसरा हिस्सा संपतो, आणि दिवसभरातली बिस्किटं अजून मोजायचीच आहेत.

घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त ते आधी, अशी रीत असते. दुधाच्या पाठोपाठ साखर आली की मी कप परत ठेवते. ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट ही साखरेचीच भावंडं. मधही त्यातलाच. आणि एक वर्षाखालच्या बाळाला तर मध कुठल्याच रूपात द्यायचा नाही, कारण त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

'योगर्ट' हा शब्द दोन ठरावीक जिवाणूंसाठी राखलेला आहे: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसऱ्याचं नाव बल्गेरियावरून पडलं. स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन वैद्यकाने 1905 मध्ये तिथल्या दह्यात तो शोधला. या जोडीला 42-43 अंशांची ऊब लागते. घरच्या विरजणात मात्र 25-30 अंशांत खूश असणारे लॅक्टोकॉकसही असतात, आणि मुंबईची हवा त्यांना वर्षातले बहुतेक दिवस मानवते. म्हणूनच आपल्याकडे ओट्यावर झाकून ठेवलं तरी दही लागतं. 'प्रोबायोटिक', म्हणजे तब्येतीला उपयोगी जिवंत जिवाणू असलेलं, या शब्दावर जास्त पैसे मोजायची घाई मला पटत नाही. फायदा नेमक्या जिवाणूच्या जातीवर आणि मात्रेवर ठरतो, शिवाय लावल्यानंतर गरम केलेल्या काही टिकाऊ दह्यांत जिवंत जिवाणू उरतच नाहीत.

या विषयावर लिहिताना जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची आठवण होते. बंगळुरूला त्यांनी दुधातल्या प्रथिनांवर काम केलं, आणि नंतर वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावरच्या कामासाठी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईत त्या आरे दूध प्रकल्पाला गुणवत्तेबद्दल सल्ला देत आणि ग्राहकांसाठी सोप्या भाषेत लिहीत. वेष्टन वाचणारी आई हे त्यांच्याच कामाचं पुढचं पाऊल वाटतं मला.

आता आंबटपणाचं काय? तो वेळेवर अडवायचा. उन्हाळ्यात विरजण रात्रीऐवजी सकाळी लावा, कोमट दुधाला अर्धाच चमचा. चार-पाच तासांत कवडी पडली की लगेच फ्रिजमध्ये. थंडीने जिवाणूंचं काम पूर्ण थांबत नाही, पण खूप मंदावतं. जानेवारीत मात्र ऊब टिकावी म्हणून भांडं पिठाच्या डब्यात ठेवा. दूध फुल क्रीम घ्या, त्यात सहा टक्के स्निग्धांश असतो. दोन वर्षांखालच्या मुलाला 'लो फॅट' नको. दही आणखी गोडसर हवं तर फडक्यात बांधून थोडं पाणी गाळा. पाण्याबरोबर आम्लही जातं आणि मऊ चक्का उरतो. दुकानातलं महागडं ग्रीक योगर्ट म्हणजे जवळजवळ हेच.

सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर दही सुरू करता येतं. प्यायला गाईम्हशीचं दूध मात्र वर्षानंतरच. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाला दहीही चालत नाही, कारण विरजणाने ती प्रथिनं नाहीशी होत नाहीत. तिथे डॉक्टरांनाच विचारा. दह्याने सर्दी होते या समजुतीला आधार नाही, तरी फ्रिजमधलं दही थोडा वेळ बाहेर ठेवून दिलेलं बरं.

भाचीला आम्ही दह्यात पिकलेलं केळं कुस्करून देऊ लागलो. पहिले काही दिवस तिने वाटी सरकवली. नवी चव अंगवळणी पडायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते, म्हणून बहीण रोज दोनच चमचे पुढे करत राहिली, आग्रह न करता. आता केळं निम्म्यावर आलं आहे.