पार्श्वभूमी: खानदेश की खान्देश, आणि सामायिक लेखनातले शुद्धलेखनाचे वाद

मराठीतला मुक्त ज्ञानकोश, म्हणजे मराठी विकिपीडिया, २००३ साली सुरू झाला तेव्हा लेखनाचे नियम त्याला आयतेच मिळाले होते. १९६२ मध्ये मान्य झालेले १४ आणि १९७२ मध्ये भर पडलेले ४. ते कसे ठरले आणि किती अनुस्वार त्यांनी उडवले, हे पुन्हा सांगायला नको. मात्र ते पाठ्यपुस्तके, सरकारी कागद आणि छापखाने डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते. छापखान्यात मुद्रितशोधकाचा शब्द शेवटचा असे. सगळ्यांनी मिळून लिहायच्या पानावर तसा शेवटचा माणूस नसतो. धुळ्याहून दुपारी लिहिलेली ओळ रात्री दुसऱ्या गावाहून बदलली जाते, सकाळी कोणी ती उलटवतो, आणि तिन्ही रूपे पानाच्या इतिहासात राहतात.

नियम जिथे स्पष्ट आहे तिथे भांडण टिकत नाही. ग्रामनामातला ‘पूर’ दीर्घ लिहायचा, म्हणून शिरपूर, नवापूर, फैजपूर यांवर वाद नाही. ‘जळगांव’वरचा अनुस्वार जुन्या पाट्यांवर दिसला तरी लेखात ‘जळगाव’च. नंदुरबारपाशी मात्र अडते. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला आणि सरकारी कागदात ऱ्हस्व ‘दु’ आला. तरी ‘नंदूरबार’ लिहिणारे थांबलेले नाहीत, कारण या नावासाठी ‘पूर’सारखा नियमच नाही.

सर्वांत अवघड नाव प्रदेशाचेच. खानदेश की खान्देश? १९०६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. १९६० मध्ये त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. तेव्हापासून खानदेश हे कुठल्याच जिल्ह्याचे नाव नाही. नंदुरबारच्या बाबतीत निदान जिल्ह्याच्या सरकारी नावाकडे बोट दाखवता येते, इथे तेवढाही आधार नाही. दोन्ही रूपे संस्थांच्या नावांत, पुस्तकांच्या शीर्षकांत, दुकानांच्या पाट्यांवर शेजारी शेजारी नांदत आली, आणि कागदावर त्याने कोणाचे बिघडले नाही. सामायिक कोशात लेखाला शीर्षक एकच देता येते. दुसऱ्या रूपाचे पुनर्निर्देशन करता येते, म्हणजे ते शोधणारा आपोआप मुख्य लेखावर पोचतो, पण वर्गाला (एका विषयाचे लेख एकत्र दाखवणाऱ्या यादीला) पुनर्निर्देशन केल्याने त्यातले लेख आपोआप हलत नाहीत. एकाने ‘खान्देश’ वर्गात टाकलेला लेख दुसऱ्याच्या ‘खानदेश’ वर्गात दिसत नाही.

जोडाक्षरवाल्यांचे म्हणणे उच्चाराचे आहे: तोंडात ‘न’ आणि ‘दे’ यांच्यामध्ये ‘अ’ येतच नाही. हे खरेच आहे. पण मराठीत असा न उच्चारलेला ‘अ’ आपण एरवीही लिहितोच. ‘जळगाव’मधला ‘ळ’ कोणी पाय मोडून लिहीत नाही. दुसरी बाजू व्युत्पत्तीवर बोट ठेवते: फारुकी राज्यकर्त्यांची ‘खान’ ही पदवी, त्यांचा तो खानदेश. त्यावर कान्हदेश आणि यादवकालीन सेउणदेश ही प्रदेशाची जुनी नावे म्हणून पुढे आणली जातात आणि चर्चापान (लेखाबद्दल वाद घालायचे पान) शुद्धलेखनाकडून थेट अस्मितेकडे घसरते. मला यात एक पुरावा जड वाटतो. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ म्हटले. ‘खान’ काढून ‘दान’ बसवता आला, याचा अर्थ नावाचे दोन तुकडे त्या काळी वेगळे ऐकू येत होते. मूळ व्युत्पत्ती याने सिद्ध होत नाही, पण ‘खानदेश’ हे लेखन आळसातून आले आहे हा आरोप तरी टिकत नाही.

म्हणून शीर्षक ‘खानदेश’ असावे असे वाटते. मात्र ‘शोधा आणि बदला’ करत किंवा सांगकाम्या (आपोआप बदल करणारा प्रोग्रॅम) चालवून सगळीकडे एक रूप लादणे वेगळे. संस्थेने आपल्या नावात जोडाक्षर घेतले असेल तर ते तिचे नाव आहे. पुस्तकाचे शीर्षक छापले तसेच राहिले पाहिजे. एकसारखेपणासाठी विशेषनामे बदलणारा लेखाची खरी माहिती खोटी करतो.

इतर भाषांतही हेच घडले. इंग्रजी कोशात दह्यावरच्या लेखाच्या स्पेलिंगमधल्या एका ‘एच’चा वाद २००३ पासून २०११ पर्यंत चालला. तिथे चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचे नाही, असा दंडकच आहे.

मराठीत आणखी एक भानगड होती, संगणकाची. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन वेगळ्या संकेतांनी टंकता येतो. दिसायला अक्षर सारखेच, पण बदल तपासताना फरक रंगवून दाखवला जातो आणि वाचणाऱ्याला वाटते की कोणी उगाच ढवळाढवळ केली. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. २००९ च्या शासननिर्णयाने वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आले. त्याआधीच्या लेखांत जोडतोड करून लिहिलेली रूपे बरीच सापडतात.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. खानदेशात ‘मी करेल’, ‘मी बघेल’ असे सर्रास म्हणतात. लेखात प्रथमपुरुष येत नाही, पण चर्चापानावर येतो, आणि मग मुद्द्याऐवजी क्रियापदावर उत्तर मिळते. नव्या माणसाला गप्प करायला एवढे पुरते. अशा दुरुस्तीच्या सारांशात ‘शुद्धलेखन’ लिहिले जाते, म्हणजे त्याची भाषा अशुद्ध ठरली. अवतरणातल्या बोलीला हात लागणे त्याहून वाईट. लेवा गणबोलीत, म्हणजे खानदेशातल्या लेवा समाजाच्या बोलीत, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची तोंडी रचलेली गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली ती याच बोलीत. त्यांना अहिराणीच्या कवयित्री म्हणावे का, हा वादही याच पानांवर होत आला आहे, आणि लेवा समाजातून येणारा आक्षेप मला रास्त वाटतो. नियमांत जुने गद्य-पद्य मुळाप्रमाणे छापण्याची सोय आहे, पण ती एकोणिसाव्या शतकापर्यंतच. त्यानंतरच्या लेखनाला ती सवलत नाही, आणि बोलीतल्या कवितेचा वेगळा विचारही तिथे नाही.

अहिराणीत लिहू पाहणाऱ्यांपुढे तर नियमच नाहीत. ‘आहे’साठी कोणी ‘शे’ लिहितो, कोणी ‘से’, आणि दोघेही आपापल्या गावचा उच्चार लिहितात. १९०७ च्या भाषिक सर्वेक्षणाने खानदेशी भिल्ली भाषांच्या खंडात ठेवली. २०११ च्या जनगणनेत ती मराठीपासून वेगळी मोजली गेली, बोलणारे १८ लाखांवर. आंतरराष्ट्रीय यादीत ‘अहिराणी’ आणि ‘खानदेशी’ यांना दोन निरनिराळे भाषासंकेत आहेत. त्यामुळे स्वतंत्र अहिराणी कोशासाठी मागणी करायची तर ती कोणत्या संकेताखाली, हे ‘शे’ आणि ‘से’च्या आधी ठरवावे लागेल.