रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन

रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन म्हणजे वेबसाईटचं एकच पान अशा तऱ्हेनं बनवणं की ते मॉनिटरवरही नीट दिसावं अन् मोबाईलवरही बोटानं झूम न करता वाचता यावं. हे नाव ईथन मार्कोट या डिझायनरनं मे 2010 मधल्या लेखात दिलं, त्याआधी बरेच जण मोबाईलसाठी वेगळी साईट ठेवायचे, मंग एकीकडं दुरुस्ती केली की दुसरीकडं जुनंच राहून जायचं.

त्यानं तीन गोष्टी सांगितल्या, रुंदी टक्क्यात मोजायची, फोटो चौकटीबाहेर जाऊ द्यायचा नाही, अन् मीडिया क्वेरी वापरायची, म्हणजे सीएसएसमधली (पान दिसायला कसं असावं हे सांगायच्या भाषेतली) अट, की स्क्रीन 600 पिक्सेलहून अरुंद असली तं बाजूबाजूचे रकाने एकाखाली एक घे. एक ओळ मात्र लोक हमखास विसरतात, व्ह्यूपोर्टची, म्हणजे पानाची रुंदी फोनच्या स्क्रीनएवढी धर असं ब्राउझरला सांगणारी. ती नसली तं फोन पान साधारण 980 पिक्सेल रुंद आहे असं धरतो अन् सगळं मुंगीएवढं दाखवतो, मंग अरुंद स्क्रीनसाठी कितीही अटी लिहा, त्या लागूच होत नाहीत.

खरी पंचाईत टेबलची. वर्धा-यवतमाळकडं कापूस गाडीत भरायच्या आधी हिंगणघाटचा भाव फोनवरच पाह्यतात. टेबलात शेतमाल, जात, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असे सहा रकाने धरा, अन् साध्या अँड्रॉइडची रुंदी सीएसएसच्या हिशोबात 360 पिक्सेलच्या आसपास, म्हणजे रकान्याला 60, त्यात 'सर्वसाधारण' हा शब्दच मावत नाही. शेवटचा रकाना जातो स्क्रीनबाहेर, अन् माणसाला पाहिजे असतो नेमका तोच! टेबल आडवं सरकवायची सोय करता येते, पण ते सरकतं हे कोणाला समजतच नाही, त्यापेक्षा एकेका ओळीचं कार्ड करून सर्वसाधारण दर वरतं ठळक दाखवलेला बरा.

मराठीत आणखी एक भानगड, इंग्रजीच्या मापानं ओळी जवळ ठेवल्या तं वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अन् फोटो लहान दिसला म्हणून डेटा कमी लागत नाही, 3 एमबीचा फोटो बारीक चौकटीतही 3 एमबीच उतरतो. त्यासाठी एसआरसीसेट, म्हणजे एकाच फोटोच्या लहानमोठ्या फाईलींची यादी ब्राउझरला द्यायची सोय, वापरून लहान फाईल वेगळी द्यावी लागते. लॅपटॉपवर खिडकी अरुंद करून तपासणाऱ्याला हे दिसत नाही, वावरात एकच कांडी रेंज असली की दिसते.